जांभळ्यापलीकडचा उजेड

गेल्या मे महिन्याच्या सुटींत घरचीं मुलें घेऊन राणीच्या बागेंत जाण्याचा प्रसंग आला. एकत्र कुटुंबांत सुटी म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. थोरल्या बंधूंचीं दोन, धाकट्याचीं दोन आणि पाहुणा आलेला एक भाचा, अशीं पांच मुलें सकाळपासून घर डोक्यावर घेत होतीं. शेवटीं वहिनींनीं डबा भरून दिला आणि 'भावोजी, ह्यांना कुठें तरी घेऊन जा,' असा स्पष्ट हुकूम सोडला. तेव्हां भायखळा स्टेशनावर उतरून आम्हीं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाची, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेल्या राणीच्या बागेची वाट धरली.

तेथें २०१७ सालीं पेंग्विन पक्ष्यांसाठीं थंड हवेचें दालन उघडण्यांत आलें आहे. बाहेर अंगाची लाही होत असतां आंत कांचेपलीकडे ते पक्षी निवांत पोहत होते. जमिनीवर पेंग्विन चालूं लागला म्हणजे धोतराचा सोगा सांवरीत घाईनें निघालेल्या एखाद्या स्थूल गृहस्थाची आठवण होते. पण पाण्यांत शिरतांच त्याचें रूप पालटतें. पंखांचीं वल्हीं होतात, शरीर बाणासारखें सरळ होतें, आणि काळी पाठ व पांढरें पोट यांचा अर्थहि तेव्हांच कळतो. वरून पाहणाऱ्या शत्रूला ती पाठ खोल पाण्याच्या अंधारांत मिसळलेली वाटते. खालून पाहणाऱ्याला तें पोट वरच्या उजेडांत विरून गेलेलें वाटतें.

आमचा नऊ वर्षांचा पुतण्या हें सारें कांचेला नाक लावून पाहत होता. त्याच्या पिशवींत मामानें दिलेलें एक सचित्र पुस्तक होतें. त्यांतलें एक पान उघडून त्यानें मला दाखविलें. प्राचीन समुद्रांतील एका सरपटणाऱ्या प्राण्याचें तें रंगीत चित्र होतें. त्याचीहि पाठ काळसर, पोट पांढुरकें, पाठीवर उभा पर आणि शेपटीला चंद्रकोरीसारखा पंखा.

'काका, ह्याचीं हाडें सांपडलीं हें खरें. पण ह्याची कातडी कोणीं पाहिली? चित्रकारानें आपल्या मनानेंच काढली ना?'

'शास्त्रज्ञ अनुमान करतात, बाळ,' असें मोघम उत्तर मीं दिलें. तें त्याला पटलें नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर मलाहि पटलें नाहीं. ह्या पेंग्विनाचा नुसता सांगाडा जर कोणाच्या हातीं दिला, तर त्याला त्याची काळी पाठ व पांढरें पोट कधीं तरी समजेल काय? मुलाच्या प्रश्नाचें नीट उत्तर द्यावें म्हणून मीं जें वाचलें व विचारलें, तें येथें सांगतों. तें वाचतांना स्वतःच्या हातून घडलेली एक चूक माझ्या पदरांत आली. तीहि शेवटीं सांगणार आहें.

हाडें राहतात, काया जाते

प्राणी मेला म्हणजे प्रथम त्याचें मांस व त्वचा हीं नाहींशीं होतात. मासे, खेकडे, किडे आणि डोळ्यांना न दिसणारे जंतु तें काम थोड्याच काळांत उरकतात. हाडें व दांत मुळांतच खनिजमय असल्यामुळें मागें उरतात. त्यांवर चिखलाचे थर बसत जातात, त्या थरांचा खडक होतो, आणि कोट्यवधि वर्षांनीं कोणाच्या तरी कुदळीला तीं लागतात. म्हणून जीवाश्म म्हटला कीं हाडें, असें समीकरण आपल्या मनांत बसलेलें असतें.

पुतण्याच्या चित्रांतल्या प्राण्याचें नांव इक्थिओसॉर, म्हणजे शब्दशः 'मत्स्य-सरडा'. तो मासा नव्हे, आणि डायनोसॉरहि नव्हे. जमिनीवर राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कांहीं शाखा पुन्हां समुद्रांत परतल्या, त्यांपैकीं ही एक. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस गांवीं मेरी ॲनिंग ह्या मुलीनें व तिच्या भावानें १८११ आणि १८१२ सालीं अशा एका प्राण्याची कवटी व सांगाडा शोधून काढला, आणि तेव्हांपासून विद्वानांचें लक्ष ह्या जातीकडे वेधलें.

पुढें १८४० च्या सुमारास रिचर्ड ओवेन ह्या नामांकित इंग्रज शरीरशास्त्रज्ञाच्या ध्यानांत एक गोष्ट आली. अनेक सांगाड्यांत शेपटीचा कणा एकाच ठराविक जागीं मोडल्यासारखा खालीं वळलेला असे. त्यावरून त्यानें तर्क केला कीं तेथें पूर्वीं मांसल पंखा असला पाहिजे. तर्क मोठा मार्मिक होता. पण पंखा कोणीं पाहिलेला नव्हता. पन्नास वर्षांनीं, १८९२ सालीं, जर्मनींतील होल्झमाडेन येथें बर्नहार्ड हाउफ ह्या तरुणानें काळ्या पाटीच्या खडकांतून एक इक्थिओसॉर मोकळा केला. त्याच्या हाडांभोंवतीं शरीराची काळी रूपरेषा जशीच्या तशी उमटलेली होती. शेपटीचा कणा खालच्या पात्यांत शिरलेला, वरच्या पात्यांत एकहि हाड नाहीं. आणि पाठीवर एक त्रिकोणी पर, त्यांतहि हाड नाहीं! त्या पराची कल्पना ओवेनलासुद्धां आलेली नव्हती.

हें हाउफला साधलें, कारण त्यानें आपली छिन्नी वेळींच थांबविली. एरवीं हाडाभोंवतीं दिसणारा काळा पापुद्रा म्हणजे खडकाचा मळ, असें समजून तो खरवडून काढावा व हाडें स्वच्छ करावीं, हीच रीत होती. किती प्राण्यांची त्वचा अशी छिन्नीखालीं गेली, ह्याची गणती आतां कोणालाहि करतां येणार नाहीं.

त्वचा टिकते तरी कशी? मृत शरीर शांत पाण्याच्या तळाशीं, प्राणवायु नसलेल्या चिखलांत रुतलें, तर तें खाणारे जीव तेथें जगूं शकत नाहींत. होल्झमाडेनच्या चिखलांत त्वचेचा कर्ब पातळ पापुद्र्याच्या रूपानें राहिला. जर्मनींतच झोल्नहोफेन नांवाचा दुसरा भाग आहे. तेथें सुमारें १५ कोटी वर्षांपूर्वीं उथळ खाऱ्या खाजणांत चुनखडीचा अत्यंत बारीक गाळ बसत असे. तेथें कांहीं प्राण्यांच्या बाबतींत त्याहूनहि नवल घडलें. मांस कुजत असतांनाच जंतूंच्या क्रियेमुळें त्याच्या जागीं फॉस्फेटचें खनिज भरत गेलें, आणि मांसाचा धागान्‌धागा दगडांत उतरला. मात्र हें सारें त्या खडकाच्याच रंगाचें. पिवळसर पांढऱ्या फरशींत पिवळसर पांढरें मांस! डोळ्यांपुढें असून तें दिसावें कसें?

न दिसणारा उजेड

इंद्रधनुष्यांत तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत आपण सात रंग मोजतों व तेथें थांबतों. थांबतो तो आपला डोळा. प्रकाश थांबत नाहीं. १८०१ सालीं योहान रिटर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें लोलकांतून फांकलेल्या रंगपट्ट्यांत, उजेडानें काळा पडणारा चांदीचा क्षार ठेवून पाहिला. जांभळ्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तेथें तो सर्वांत लवकर काळा पडला. हेच अतिनील किरण. पुढें १८५२ सालीं केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनीं दाखविलें कीं हे किरण क्विनीनच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या बोलींतल्या कोयनेलच्या, पाण्यावर पडले कीं तें पाणी स्वतः निळसर उजळूं लागतें. अदृश्य प्रकाश आंत गेला आणि दृश्य प्रकाश बाहेर आला! ह्या गुणाला आपण प्रतिदीप्ति म्हणूं.

ह्याचें मर्म अवघड नाहीं. पदार्थाचे कण अतिनील किरणांची शक्ति घेतात, तींतली थोडी उष्णतेच्या रूपानें ठेवून घेतात आणि उरलेली प्रकाशाच्या रूपानें परत करतात. रुपयाची मोड मागावी आणि बारा आणेच हातीं यावे, तसा हा व्यवहार. परत आलेली शक्ति कमी असल्यामुळें तो प्रकाश जांभळ्याच्या अलीकडे, आपल्या डोळ्यांच्या टप्प्यांत उतरतो. कोणता पदार्थ किती ठेवील व कोणता रंग परत करील, हें त्या त्या पदार्थाच्या घडणीवर अवलंबून आहे. म्हणूनच दिवसाच्या उजेडांत एकसारखे दिसणारे दोन पदार्थ ह्या किरणांखालीं निरनिराळ्या रंगांनीं आपली ओळख सांगतात.

ह्याचीं उदाहरणें आपल्या घरांतहि आहेत. दुकानदार नोटा पारखण्यासाठीं जो जांभळट दिवा ठेवतात, त्याच्याखालीं नोटेचा क्रमांक व कागदांतील सूक्ष्म तंतु चमकूं लागतात. स्वयंपाकघरांतली हळद तेलांत कालवून त्या दिव्याखालीं धरली तर हिरवट पिवळी झळाळते. साबणाच्या पुडीनें धुतलेला पांढरा सदरा निळसर लखलखतो. कोंकणांतल्या अंगणांत रात्रीं हा दिवा नेला तर दगडाआडचा विंचू हिरव्या निळ्या तेजानें उजळलेला दिसतो. मात्र गृहिणींस व मुलांस एक सूचना अवश्य द्यावी. ह्या दिव्याकडे थेट पाहूं नये. न दिसणारा उजेडहि डोळ्यांस अपाय करतो.

ह्या किरणांचा सोयीस्कर दिवा बनविण्यास रॉबर्ट वुड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाची काळसर कांच उपयोगी पडली. त्यानें ती विसाव्या शतकाच्या आरंभीं तयार केली. ती दृश्य प्रकाश अडविते आणि साधारण ३६५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरी पुढें जाऊं देते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. त्वचेच्या वैद्यांनीं ह्या दिव्याचा उपयोग लवकरच ओळखला. कोडाचे डाग व डोक्यांतील नायट्याचे कांहीं प्रकार त्याच्या उजेडांत स्पष्ट होतात, आणि त्वचारोगतज्ज्ञ आजहि त्याला 'वुडचा दिवा' ह्याच नांवानें ओळखतात. जिवंत माणसाच्या त्वचेसाठीं वापरला जाणारा दिवा कोट्यवधि वर्षांपूर्वीं मेलेल्या प्राण्याची त्वचा शोधण्याच्या कामीं यावा, हा योग मोठा मौजेचा आहे.

जीवाश्मांवर हे किरण पाडून छायाचित्रें घेण्याचे प्रयोग जर्मनींत १९२० नंतरच्या दशकांत सुरू झाले. त्यांना अलीकडे पूर्णत्व आणणाऱ्यांत हेल्मुट टिश्लिंगर यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. पद्धत ऐकावयास सोपी आहे. खोलींत पूर्ण अंधार करावयाचा, दगडावर अतिनील दिवा निरनिराळ्या कोनांतून धरावयाचा, कॅमेऱ्याच्या भिंगापुढें दिव्याचा मूळ प्रकाश अडविणारी रंगीत कांच बसवावयाची आणि दगडांतून परत येणारा मंद उजेडच तेवढा दीर्घ वेळ टिपावयाचा. कोणत्या प्राण्याला कोणती कांच लागू पडेल, ह्याचा मात्र नेम नाहीं. ती पारख हातानें व वर्षानुवर्षांच्या अभ्यासानेंच येते. तो साधला म्हणजे चुनखडी काळवंडते, हाडें एका छटेनें उजळतात, आणि जेथें कांहींच नव्हतें तेथें मांसाचे पुंजके व त्वचेची कड दुसऱ्या छटेनें वर येते. हाडांतलें व मांसाच्या जागीं भरलेलें फॉस्फेट, तसेंच त्यांत अडकलेलीं सूक्ष्म द्रव्यें, हीं ह्या तेजाचीं कारणें होत.

उजेडानें काय दाखविलें

राणीच्या बागेंतली मगर पुष्कळांनीं पाहिली असेल. तिच्या अंगावरील खवल्यांचें तें खडबडीत चिलखत कोणी विसरणार नाहीं. झोल्नहोफेनच्या काळीं मगरींचे दूरचे भाऊबंद खोल समुद्रांत राहत. त्यांच्या पायांचीं वल्हीं झालेलीं होतीं. त्यांच्या पाठीवर हाडांचें चिलखत नव्हतें, हें सांगाड्यांवरून माहीत होतें. पण खवल्यांचें काय? २०२१ सालीं टिश्लिंगर व त्यांचे सहकारी यांनीं दक्षिण जर्मनींतील अशा सांगाड्यांचा अतिनील प्रकाशांत केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत त्यांची त्वचा गुळगुळीत, खवल्यांवांचूनची असल्याचें, आणि शेपटीला खरोखरीचा मांसल पंखा असल्याचें दिसून आलें. समुद्रांत कायमचें राहावयाचें ठरविलेल्या प्राण्यानें पाण्याला अडथळा करणारें सारें टाकून दिलें होतें.

हा दिवा अनेकदां पहिली वाट दाखवितो. पुढचें काम सूक्ष्मदर्शक व रसायनशास्त्र करतात. २०१८ सालीं स्वीडनच्या लुंड विद्यापीठांतील योहान लिंडग्रेन व त्यांचे सहकारी यांनीं होल्झमाडेनच्या एका इक्थिओसॉराच्या त्वचेचें सूक्ष्म परीक्षण केलें. त्यांत रंगपेशी सांपडल्या, त्या पाठीकडे दाट व पोटाकडे विरळ. आणि त्वचेखालीं देवमाशाच्या अंगांत असते तशा चरबीच्या थराच्याहि खुणा मिळाल्या. म्हणजे तो प्राणी आपलें शरीर ऊबदार राखीत असावा. भायखळ्याच्या पेंग्विनाची काळी पाठ व पांढरें पोट १८ कोटी वर्षांपूर्वींच्या समुद्रांत अगोदरच वापरून झालें होतें! पुतण्याच्या पुस्तकांतलें चित्र चित्रकारानें मनानें काढलेलें नव्हतें.

पुढची हकीकत २०२५ सालची आहे. लांब मानेचा प्लेसिओसॉर हा समुद्रांतला दुसरा प्रसिद्ध सरपटणारा प्राणी. त्याची त्वचा जवळजवळ अज्ञातच होती. होल्झमाडेनच्या खाणींत १९४० सालीं एक प्लेसिओसॉर निघाला. पण तो युद्धाचा काळ. पुढें दीर्घकाळ त्याचे तुकडे संग्रहालयांत तसेच पडून राहिले, आणि २०२० सालीं कोठें ते हातीं घेऊन खडकांतून मोकळे करण्यांत आले. त्याच्या शेपटीजवळ गुळगुळीत त्वचा आणि वल्ह्यांच्या मागच्या कडेला लहान खवले मिळाले. ऐंशी वर्षांपूर्वींच कोणी उत्साहानें तें सारें साफ करून टाकलें असतें, तर २०२५ सालच्या साधनांना पाहावयास काय उरलें असतें?

हा उजेड खोटेंहि उघड करतो. इटलीच्या आल्प्स पर्वतांत १९३१ सालीं एका सरड्यासारख्या प्राण्याचा जीवाश्म सांपडला. सुमारें २८ कोटी वर्षांपूर्वींच्या ह्या प्राण्याची काळी आकृति म्हणजे टिकून राहिलेली त्वचाच होय, असें मानून तो ग्रंथांतून गौरविला जात होता. २०२४ सालीं व्हॅलेंटिना रोस्सी व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्यावर अतिनील किरण पाडले, तेव्हां सारी आकृति एका लेपानें झांकलेली आढळली. आणि सूक्ष्म परीक्षणांत ती 'त्वचा' म्हणजे कोरीव दगडावर दिलेला काळा रंग निघाला. कांहीं हाडें मात्र खरीं होतीं. जो दिवा नोटेचा खरेपणा पारखतो, त्यानेंच जीवाश्माचाहि खरेपणा पारखला. नऊ वर्षांच्या मुलानें 'कोणीं पाहिली?' म्हणून विचारावें आणि नव्वद वर्षें विद्वानांनीं तें नेटानें विचारूं नये, हें कांहींसें विचित्र खरें. पण शास्त्राची थोरवी अशी कीं उशिरा कां होईना, तें स्वतःलाच तो प्रश्न विचारतें.

पुन्हां भायखळ्यास

पेंग्विन पाहून झाल्यावर आम्ही त्याच आवारांतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत शिरलों. हें मुंबईंतलें सर्वांत जुनें संग्रहालय. आज तेथें मातीच्या पुतळ्या, नकाशे व कलाकुसरीच्या वस्तु पाहून लोक रमतात. पण १८५५ च्या सुमारास ह्या संग्रहाची मूळ योजना झाली, तेव्हां त्याच्या लांबलचक नांवांत निसर्गाचा इतिहास आणि भूगर्भशास्त्र हींहि होतीं. त्याचे पहिले प्रमुख जॉर्ज बुइस्ट हे वृत्तपत्राचे संपादक, आणि मुंबईच्या खडकांचे अभ्यासक. तेव्हां हा संग्रह कोटांतील एका बराकींत होता. १८५७ सालीं ती जागा सैन्यासाठीं हवी झाली, वस्तु घाईघाईनें हलविल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ मोडल्या व हरवल्या. पुढें जॉर्ज बर्डवुड व डॉ. भाऊ दाजी यांनीं लोकांकडून वर्गणी जमवून नव्या इमारतीचा पाठपुरावा केला. १८६२ सालीं पायाचा दगड बसला आणि १८७२ सालीं संग्रहालय उघडलें. भाऊ दाजींचें नांव त्याला १९७५ सालीं मिळालें.

त्याच काळांत मुंबईच्या पोटांतूनहि जीवाश्म निघत होते. वरळीच्या टेकडीजवळ काळ्या पापुद्र्याच्या खडकांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. १८४७ सालीं त्यांचें वर्णन कोणीं केलें असेल? इक्थिओसॉराच्या शेपटीचा तर्क करणाऱ्या त्याच रिचर्ड ओवेनने! आज त्या बेडकाला इंडोबॅट्रेकस म्हणतात. मुंबईंत नोकरी करणारे शस्त्रवैद्य हेन्री कार्टर यांनीं १८५२ सालीं ह्याच बेटावरच्या एका कासवाचें वर्णन केलें व त्याला डॉ. लीथ यांचें नांव दिलें. स्टोक्सनें प्रतिदीप्तीचा शोध लिहिला, तेंहि हेंच वर्ष. लाव्ह्याचे थर साचत असतां मधल्या शांततेच्या काळीं येथें तळीं होतीं; साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या त्या गोड्या पाण्यांतले हे रहिवासी. समुद्रांतला खरा इक्थिओसॉर पाहावयाचा तर कच्छपर्यंत जावें लागेल. भुजजवळच्या लोडाई गांवापाशीं सांपडलेल्या सुमारें साडेपांच मीटर लांबीच्या सांगाड्याचा वृत्तांत दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केला. भारतांतला ज्युरासिक काळचा हा पहिलाच इक्थिओसॉर. झोल्नहोफेनच्या खाजणांत गाळ बसत होता, त्याच सुमारास हा येथील समुद्रांत पोहत होता.

वरळीच्या त्या टेकडीभोंवतीं आज इमारती उभ्या आहेत. ज्या थरांवर घरें उभीं राहिलीं, ते पुन्हां पाहतां येणार नाहींत. त्यांतलें जें कोणीं वेळींच उचलून कपाटांत ठेवलें, तेवढेंच नव्या उजेडासाठीं उरलें. संग्रहालयाचें खरें काम दाखविणें हें नसून राखणें हें आहे. कारण पाहावयाचें काय आहे, हें राखणाऱ्यालाहि त्या वेळीं कळलेलें नसतें.

एक कोरें पान

आतां माझी चूक. पंधरा एक वर्षांपूर्वीं दिवाळीच्या साफसफाईंत माळ्यावरच्या पेटींत आमच्या आजोबांची जमाखर्चाची वही निघाली. पानें कुजकीं, कडा किडीनें खाल्लेल्या. जीं पानें वाचतां येत होतीं तीं मीं काळजीपूर्वक काढून ठेवलीं आणि उरलेलीं कोरीं पानें रद्दींत दिलीं. वही स्वच्छ झाली, म्हणून घरांत माझें कौतुकहि झालें. राखलेल्या पानांत एकच पान जवळजवळ कोरें होतें. मागच्या बाजूला दोन ओळी होत्या म्हणून तेवढें वांचलें.

हा लेख लिहिण्यासाठीं वाचतांना समजलें कीं जुन्या निळ्या-काळ्या शाईंत लोहाचा अंश असे. ती शाई कालांतरानें फिकट तपकिरी होऊन नाहींशी झाल्यासारखी दिसते. पण अतिनील प्रकाशांत कागद उजळतो आणि शाईची जागा तो प्रकाश गिळून काळी राहते, म्हणून पुसट अक्षर पुन्हां वाचतां येतें. हस्तलिखितांचे अभ्यासक ही युक्ति पुष्कळ वर्षें वापरीत आले आहेत. ओळखीच्या दुकानदाराचा नोटा पारखण्याचा दिवा एका रात्रीसाठीं मागून आणला. दिवे मालवले. मुलें भोंवतीं दाटलीं. ज्या बाजूला मीं कोरी समजत होतों, तिच्यावर हळूहळू आजोबांच्या वळणदार मोडींतल्या सहा ओळी वर आल्या.

मोडी आईलाच वाचतां येतें. तिनें चष्मा पुसून वाचलें. पाळण्याची दोरी, साखर, सोनाराचे पैसे: बारशाचा खर्च होता तो, आणि वर मुलीचें नांव. तें नांव आमच्यापैकीं कोणींहि ऐकलेलें नव्हतें. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'तुमच्या वडिलांची थोरली बहीण. वर्षाच्या आंतच गेली. सासूबाईंनीं मला एकदांच सांगितलें होतें.'

पुतण्यानें विचारलें, 'काका, मग बाकीचीं कोरीं पानें?'

'रद्दींत गेलीं.'

'तीं कोरीं नव्हतीं,' तो म्हणाला. त्याच्या आवाजांत दोष देण्याचा भाव नव्हता. त्यानें फक्त खरें तें सांगितलें. हाडाभोंवतींचा काळा डाग मळ समजून खरवडणाऱ्या त्या कारागिरांहून मी वेगळा नव्हतों, हें मला त्या क्षणीं उमगलें. त्यांनाहि वस्तु स्वच्छच करावयाची होती.

आमच्या सुज्ञ वाचकांच्या घरीं माळ्यावर अशा पेट्या असतील. जुनीं पत्रें, पाठीमागें कांहीं लिहिलेलीं छायाचित्रें, डाग पडलेले कागद. सारेंच जपतां येत नाहीं, हें खरें. जागा थोडी आणि माणसें फार. पण एखादी वस्तु 'कांहींच नाहीं' म्हणून टाकण्यापूर्वीं, तिच्यांत कांहीं नाहीं कीं आपल्या डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं, एवढा विचार क्षणभर करावा. दिसत नसेल तर ती सुती कापडांत गुंडाळून, ओल व ऊन टाळून ठेवावी. उजेड पुढल्या पिढीकडे असूं शकेल.

तें पान आईनें देव्हाऱ्याखालच्या खणांत ठेवलें आहे. दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें आपल्या पुस्तकांतल्या इक्थिओसॉराच्या चित्राखालीं पेन्सिलीनें लिहिलें: 'कातडी पाहिली आहे.'